म्हाताऱ्या हाडांची पोर

नागऱ्याहून आम्हा मजूर बायांसोबत भाताच्या रोवणीला एक पोरगी यायची. नाव कधी विचारलंच नाही. डोळे पिवळट, खुबा धरून चालायची. सांधे सुजले की आम्ही वात म्हणायचो. सिकलसेल हा रक्ताच्या आजाराचा शब्द फार उशिरा कानी आला.

"काऊन वं, आत्ताच म्हातारी झालीस?" मी चिडवायची.

"हाडं झाले बाई, मी नाही!"

तिचं लंगडणं पाहून शेताचे मालक म्हणाले, "पुढच्या साली हिले आणू नका."

रोवणी संपली की मालकाला चिखल फासायची आमची रीत. त्या साली ते आम्हाला चुकवून पळाले, तर बांधावर ही कण्हत बसलेली. विचारायला ते वाकले, अन् हिने त्यांचे दोन्ही गाल माखले!

"पुढच्या साली येतो, मालक!"

"ये माय," ते हसले.

सोंगाचं कौतुक करत मी तिला उठवायला गेले. तिने माझा दंड असा आवळला, की कण्हणं तेवढं खरं होतं हे कळलं.