पूस महिन्यात मी कोणाचा

डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, साली माझ्या पुढ्यात टाकल्या. आतला चोथा, बिया, सगळं त्यातच. पाटलांचा यादवभाऊ म्हणाला, "खाय रे बागाईतदार. तुन्हाच मळाना माल शे."

ओट्यावरची माणसं हसली. आखाजीचा, अक्षय तृतीयेचा सण होता. जेवणं झाली होती, पत्त्यांचा डाव पडला होता आणि सगळ्यांना करमणूक हवीच होती. माझा बाप माझ्या शेजारी अंगणात बसला होता. तोही हसला. तोंडावर हात धरून, पण हसला. साली टाकल्या त्याचं एवढं नाही वाटलं, बापाचं वाटलं.

मी असं काय बोललो होतो? सांगतो.

आम्ही भिल्ल. सातपुड्यातून कधीतरी खाली तापीकाठच्या काळ्या रानात आलो. बाप पाटलांकडे सालदार. म्हणजे वर्षभर राबायचं, घरचं सगळं मालकाच्या मर्जीवर. मिसरूड फुटलं तसा मीही सालदार झालो. घरी आमची बोली वेगळी, पाटलांच्या अंगणात अहिराणी. तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं म्हणतात. आम्हाला साहेब कधी दिसला नाही. आम्हाला पाटील दिसायचे.

साल आखाजीला सुरू होतं, आखाजीला संपतं. आमच्या गावची रीत अशी, की त्या दिवशी सालदाराला पुरणपोळी आणि आमरस जेवू घालायचा. मग मालक नवा जोडा आणून सालदारापुढे ठेवतो. त्यात पाय घातला की पुढचं वर्ष ठरलं. कागद नाही, अंगठा नाही. जोडा ठेवल्यापासून पाय घालेपर्यंत माणूस कोणाचाच नसतो. चिलीम ओढून होईल एवढाच तो वेळ, पण मला तो फार आवडायचा. वर्षभर मी त्याची वाट बघायचो.

त्याच वेळात मी बोलून बसलो. म्हटलं, "भाऊ, औंदा मी साल नही धरस. नदीमा डांगरवाडी लावसू."

आमच्या मुलखात आखाजीला घरोघर पितरांची घागर भरतात आणि घागरीवर डांगर ठेवतात. गरीब असो की पाटील, त्या दिवशी डांगर लागतंच. पाणी ओसरलं की भोई लोक तापीच्या वाळूत ते लावायचे. बैलांना पाण्यावर नेताना मी ते वेल बघायचो. वाटायचं, आपली वाडी असावी. कोणी हाक मारू नये. सकाळी उठून आपल्याच वेलांना पाणी घालावं.

यादवभाऊनं पत्ते खाली ठेवले. "डांगर कव्हय लावतस रे?"

"पूसमा."

"मंग पूसमा तू कोना शे?"

आखाजी ते पूस, म्हणजे वैशाख ते पौष. मध्ये सगळा पावसाळा. सालाशिवाय तेवढा पल्ला आमच्या घरात कोणी काढला नव्हता. हे मी धरलंच नव्हतं. मला नुसते वेल दिसत होते.

"आखाडमा मन्हाच दारमा येशी," तो म्हणाला. "पूसमा तू मन्हाच शे." मग त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून मला ते पुन्हा बोलायला लावलं. बोल रे, काय लावशी? मी बोलायचो. लोक हसायचे. शेवटी साली टाकल्या.

मी जोड्यात पाय घातला. नवं कातडं होतं, चावत होतं.

यादवभाऊ आणि मी एकाच पावसाळ्यात जन्मलो, असं माय सांगायची. मी त्याच्यावर जळायचो. लपवून काय करू, जळायचोच. त्याच्या घरावर नाही, तुपावर नाही, सायकलीवरसुद्धा नाही. मी जळायचो एका गोष्टीवर. तो बोलला की ते व्हायचं.

एकदा संध्याकाळी सुपारी कातरता कातरता म्हणाला, केळीचा मळा करावा वाटतो. एवढंच. सकाळी त्याचे काका उतार बघायला गेले. विहिरीचा गाळ काढायला माझा बाप. चर खोदायला मी. कंद आणायला गाडी जुंपली ती मीच. पुढच्या वर्षी केळी लटकली तेव्हा गाव म्हणालं, यादवला डोकं आहे. माझ्या खांद्याची सालपटं निघाली होती, त्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

माझ्या पोटात सारखं दुखायचं. त्याच्या केळी वाऱ्यानं आडव्या व्हाव्यात असं मला वाटायचं. एकदा झाल्या. मला इतका आनंद झाला की भाकर गोड लागली. मग हाक आली, "चाल रे, टेकू लाव." टेकू मीच लावले. आपल्या जळण्याचा आपल्यालाच ताप.

पण जळणारा माणूस फार बारीक बघतो. त्या साली टाकल्यावर मी वर्षभर यादवभाऊकडे तसाच बघत राहिलो. आणि दिसायला लागलं. तो एकदाच म्हणायचा, वाटतं. दुसऱ्यांदा वाटतं म्हणायचाच नाही. मग तो विचारायचा. जागा कोठे शे? कोन खोदी? पाणी कथाईन येई? पावसाच्या आत व्हई का? आणि 'कोन' म्हणून विचारलं की दर खेपेला नाव माझं निघायचं.

एक दिवस चाऱ्याचा भारा उचलता उचलता हे डोक्यात आलं आणि मी भारा तसाच खाली टाकला. याचं सपन माझ्या हातांनी होतंय. हात तर माझ्याकडेच आहेत. मी आजवर माझं सपन नुसतं तोंडानं करत होतो. मला माझाच राग आला, आणि त्याचा त्याहून जास्त आला.

डांगराच्या त्या साली मी खाल्ल्या नव्हत्या. बैलांपुढे टाकल्या. बिया तेवढ्या काढून घेतल्या, राख चोळून वाळवल्या आणि मायच्या फाटक्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवल्या. तेव्हा रागानं ठेवल्या होत्या. आता त्या कामाला लावायच्या ठरवल्या.

नदीवर एक म्हातारी भोईण होती. बैल पाणी पीत असताना तिच्याजवळ गेलो. या खेपेला डांगरवाडी करावी वाटते असं म्हटलंच नाही. विचारलं, वाळूत खत किती खोल घालायचं? पाण्याचा झिरा कुठे खणायचा? राखण कधीपासून? ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाळूनी पट्टी देसू तुले. पन माचान तुले बांधनं पडी. कोल्हा येतस."

खताचं मायला सांगितलं. तिनं काही विचारलं नाही, "बापाला सांगू नको" एवढंच म्हणाली. रोज शेण गोळा करून ती नाल्याच्या कडेला टाकायची. वर काटेरी झुडूप टाकायची, कोणी नेऊ नये म्हणून. यादवभाऊच्या मळ्यालाही खत त्याच गावातल्या गुरांचं होतं, तिथं मात्र कोणी काटे टाकत नव्हतं. हेही माझ्या डोळ्यांत खुपायचं.

राहिला आखाड, घरात दाणा नसायचा तो महिना. सगळं तिथंच अडत होतं. सपनाला वेल फुटतात, पोटाला आखाड लागतो. माझा मामा डोंगरात होता. चैतात माय त्याच्याकडे गेली आणि मोहाची फुलं वेचून, वाळवून घेऊन आली. शिजवून खायची. जीव उबगतो, पण माणूस मरत नाही. पुढे म्हसावदकडे निंदणी. दसऱ्यानंतर नंदुरबारला मिरची, तिथं वाळत घालायला आणि देठ खुडायला माणसं लागतात. हात पेटतात, पेटू देत. तिथून पूस.

हे सगळं मी मायशिवाय कोणाला सांगितलं नाही. करत राहिलो.

मग आखाजी आली. तेच अंगण, तोच डाव. आमरस खाल्ला, आणि पोटभर खाल्ला, का सोडायचा? यादवभाऊनं जोडा आणून ठेवला. लोकांना मागचं आठवत होतं. पत्ते हातात तसेच धरून ते माझ्याकडे बघायला लागले.

"घाल पाय, बागाईतदार."

मी उभा राहिलो. बापानं माझ्या धोतराचा सोगा धरला. जोरात धरला होता. मी त्याची बोटं सोडवली.

"मी साल नही धरस, भाऊ."

कोणीतरी सवयीनं हसलं. यादवभाऊ हसला नाही, मजा घेत म्हणाला, "आखाडमा काय खाशी?"

"मोह."

"मंग?"

"निंदणी. मंग मिरची."

त्यानं डोळे बारीक केले. आता तो खरंच विचारत होता. "आन पूसमा?"

"पूसमा मी मन्हा शे."

मग यादवभाऊनं पायानं जोडा पुढे सरकवला. "आठेच ऱ्हाऊ दे. आखाडमा घालशी."

बापानं मान खाली घातली आणि आपल्यापुढे ठेवलेल्या नव्या जोड्यात पाय घातला. मी ते बघितलं. त्याला काही बोललो नाही, अजूनही बोललेलो नाही.

जुना जोडा कधीच तुटला होता. अनवाणी निघालो. वैशाखाची माती तव्यावर चालावं तशी भाजत होती. वाटेत केळीचा मळा लागला. मी खोदलेले चर, मी लावलेले टेकू. वर घड लोंबत होते, हिरवेगार. काय सांगू, त्या क्षणीही मी जळलो. वाटलं होतं, नाही म्हटल्यावर पोटातलं दुखणं थांबेल. थांबलं नाही. थांबायला नकोच. ते थांबलं तर मी आखाडात त्या दारी जाईन.

कोल्ह्यांनी सगळी वाडी खाल्ली तरी चालेल. तापीला अवेळी पाणी येऊन वेल वाहून गेले तरी चालेल. पुन्हा बिया वाळवीन. त्या जोड्यात माझा पाय जायचा नाही.

मी नदीकडे वळलो. माचाणासाठी खांब बघायचे होते.