काकांचं चूलबंद आवतण

उघड्या दाराबाहेर ताटकळत उभं राहण्यात आमच्या शेजारच्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वसमत तालुक्यात सापडणार नाही. बांधाच्या भांडणात त्यांच्या काठीनं एकाचा जीव गेला. त्याची शिक्षा भोगून ते गावी परतले, पण कुणी सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, ही तुरुंगातली सवय काही सुटली नाही. एसटी समोर थांबते, दार उघडतं, काका खालीच. कंडक्टर 'चढा' म्हणाला तर प्रवास, नाहीतर परत घरी. आमच्याकडे चहाला आले की उंबऱ्याबाहेर उभे. मी आतून हाक मारतो, ते येतात, चहा पितात आणि कप स्वतः विसळून पालथा घालतात. सांगून सांगून मीच थकलो आहे.

एवढा आज्ञाधारक माणूस एकाच बाबतीत हट्टी. आमच्याकडे लग्नाचं आवतण घरटी एकाला असतं, नाहीतर चूलबंद. म्हणजे सगळं घर जेवायला, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. काकू मागेच वारल्या, घरात काका एकटे. तरी गावात कुणाचंही लग्न असो, हे दुपारपर्यंत चूल थंड ठेवून ओट्यावर बसायचे. आवतण कसलंच येत नसे. मग मुकाट्यानं भाकरी थापायचे. एकट्याला चूलबंद कशाला हवं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "एकाचं आवतन माणसाला असतंय, चूलबंद घराला. माझं घर हाय का न्हाई, तेवढं कळू द्या."

यंदा आमच्या लेकीचं लग्न निघालं. काकांना बोलवायचं म्हटल्यावर भावकी कुरकुरली, दोघं तर पंगतीला बसणार नाही म्हणाले. बायकोनं कुणालाही न विचारता काकांच्या उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि चूलबंद सांगून आली. ते दोघं आले नाहीत. काका धुवट धोतर नेसून आले, मांडवाबाहेर थांबले, मी हात धरून आत आणलं. पोटभर जेवले आणि पत्रावळ विसळायला निघाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीवाचून घर खायला उठलं होतं. काकांकडे चुलीचा धूर दिसेना म्हणून गेलो. थंड चुलीशेजारी उपाशी बसले होते.

"चूलबंद सुटलं म्हणून कुणी सांगितलं न्हाई," म्हणाले.

मला 'पेटवा' म्हणवेना. "आजबी चूलबंदच हाय काका, चला."

आमच्या उंबऱ्याशी येऊन ते सवयीनं थांबले. मीही फार दमलो होतो. लेक नसलेल्या घरात माझंही पाऊल पडेना, म्हणून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. बऱ्याच वेळानं बायको आतून म्हणाली, "या की दोघंबी."