दगडांच्या कपाटातलं संगीत

आमच्या वाचनालयाच्या एका जुन्या वार्षिक अहवालात माझ्यावर एक वाक्य आहे. त्यात माझं नाव नाही, पण ते माझ्यावरच आहे हे निम्म्या रत्नागिरीला माहीत आहे, कारण मीच सगळ्यांना सांगितलं आहे. वाक्य असं: 'एका सभासदाच्या आग्रहावरून संगीतविषयक पाच इंग्रजी पुस्तके घेण्यात आली. वाचकांचा प्रतिसाद शून्य.'

हे धादांत खोटं आहे. म्हणून आज कुणी मला विचारलं की रॉकवाल्यांवरची चांगली पुस्तकं कुठली, तर मी आधी हे प्रकरण सांगतो आणि मग पुस्तकं. ऐकणाऱ्याला घाई असेल तर त्याने दुसऱ्या कुणाला विचारावं.

माझा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न, पूजा, नमनाचे खेळ, निवडणूक, जिथे चार माणसांना ओरडून सांगायचं असेल तिथे माझे कर्णे. शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे गणिताच्या गुरुजींनी सोडवली. भर वर्गात ते म्हणाले होते, "तुझ्या डोक्यात सगळा कातळ आहे रे. वर वीतभर मातीसुद्धा नाही. पेरायचं कुठे?" सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा, उघडा काळा दगड ज्याने पाहिला आहे त्याला या बोलण्याची धार कळेल. मी त्या दिवशी दप्तर उचललं आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसलो. पुढे स्वतःचा ॲम्प्लिफायर केला, मग दुसरा, मग टेम्पो. गुरुजींचं वाक्य मात्र मी जपून ठेवलं. काही माणसं मेडल जपतात.

१९९८ साली हेदवीला एका लग्नात मुंबईचा ऑर्केस्ट्रा आला होता. स्टेज उतरतं होतं, म्हणून त्यांच्या गिटारवाल्याने माझ्या ॲम्प्लिफायरच्या एका पायाखाली जाड पुस्तक सरकवलं. सकाळी सामान आवरताना ऑर्केस्ट्रा गेलेला, पुस्तक तिथेच. कव्हरवर एक केसाळ माणूस ढोलांच्या ढिगाऱ्यात बसलेला. नाव इंग्रजीत, त्यात 'रॉक' हा शब्द. मला मशीनच्या माहितीपत्रकांपुरतं इंग्रजी येत होतं. त्यात फ्यूज, व्होल्टेज आणि 'झाकण उघडू नये' एवढंच असतं.

शब्दकोश काढला. रॉक म्हणजे खडक, दगड, शिळा. म्हणजे हे दगड वाजवणारे लोक. आमच्याकडे सड्यावर टाचेने मारलं तर घुमणारे दगड आहेत, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दगड कधी येतो याची वाट पाहत मी चाळीस पानं वाचली. मग पुन्हा शब्दकोश काढला. खाली बारीक अक्षरात दुसरा अर्थ होता: डोलणे, हिंदकळणे. ही कबुली मी आज पहिल्यांदाच देतो आहे. तेव्हा दिली असती तर पुढच्या भांडणात माझं तोंड बंद झालं असतं.

पण पन्नासाव्या पानाच्या आसपास काय होतं? हा ढोलवाला सांगतो की एका मोठ्या कार्यक्रमाआधी स्पीकरच्या सगळ्या पेट्यांतून 'हूंऽऽ' असा आवाज यायला लागला, कुणाला कारण सापडेना, आणि त्यांच्या गायकाने माइकला ओठ लावले तसा शॉक बसून तो हातभर मागे फेकला गेला. मी ताडकन उठून बसलो. अर्थिंग! आदल्याच वर्षी आमच्या एका भजनीबुवांनी 'विठ्ठल' म्हणायला तोंड उघडलं आणि 'आई गं' निघालं होतं. सगळ्या गावाने मला शिव्या घातल्या होत्या. आणि इथे सातासमुद्रापलीकडे तोच घोळ, तीच धावपळ, आणि शिव्या खाणारा पेटीवालाच!

त्या दिवसापासून माझी एक कसोटी ठरली. संगीतावरचं पुस्तक हातात घेतलं की आधी शोधायचं, त्यात पेट्या कोण उचलतो. ज्या पुस्तकात तो माणूस आहे ते पुस्तक खरं. गिटारीला धबधब्याची उपमा देणारी, पण शेवटपर्यंत एकही फ्यूज न उडणारी पुस्तकं लिहिणाऱ्याने घरी बसून लिहिलेली असतात.

स्पीकरचे पडदे आणायला मी मुंबईला जायचो, तेव्हा फुटपाथवरची पुस्तकं धुंडाळू लागलो. एक विक्रेता वैतागून म्हणाला, "अहो, सगळी इथेच वाचणार काय? ही लायब्ररी आहे का?"

मी म्हटलं, "वाचत नाही, हमाल शोधतोय."

त्याने आपणहून किंमत उतरवली. घासाघीस करताना समोरच्याला आपण थोडे वेडे वाटलो तर फायदा होतो.

आपण एकट्याने वाचायचं आणि गप्प बसायचं हे मला जमत नाही. कर्णा लावणारा माणूस मी. आमच्या वाचनालयात टेबलाला सुतळीने बांधलेली एक मागणी वही होती. सभासदाने हवं ते पुस्तक त्यात लिहायचं, मग ग्रंथनिवड समिती ठरवणार. मी सहा वर्षं सभासद होतो, पण त्या वहीला कधी हात लावला नव्हता, कारण समितीचे अध्यक्ष होते तेच गणिताचे गुरुजी. निवृत्त झाले होते, पण अक्षर आणि आवाज दोन्ही तसेच.

२००१ साली इंग्रजी विभाग वाढवायचा ठराव झाल्याचं ऐकलं आणि मी जाऊन वहीत एका दमात वीस पुस्तकं लिहिली. मला पाच हवी होती. पाच मागितली असती तर एकही मिळालं नसतं.

समितीने बोलावलं. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"ये रे, कर्णेवाल्या. वीस? आख्ख्या इंग्रजी कपाटात तीस आहेत."

"म्हणूनच म्हटलं, गुरुजी, पन्नास होतील."

"दोन."

"अठरा."

"हा काय मासळीबाजार आहे? दोन म्हटलं ना!"

"दोन पुस्तकं कपाटात उभी तरी राहतील का? आडवी पडतील."

समितीतल्या दोघांना हसू आलं आणि तिथेच गुरुजी घसरले. अर्ध्या तासाने पाचावर सौदा ठरला. पण गुरुजींनी अट घातली: वर्षभरात ही पुस्तकं कुणी घरी नेली नाहीत तर ती रद्दीत जातील, आणि मी पुन्हा मागणी वहीला हात लावायचा नाही. "बघू तुझी पारख," ते म्हणाले.

मला पुस्तकं स्वतःसाठी नकोच होती, माझी मी वाचली होती. माझ्या हाताने वहीत लिहिलेलं पुस्तक गावातल्या कुणीतरी पिशवीत घालून घरी न्यावं, एवढंच हवं होतं. आणि ते गुरुजींनी पाहावं. मी हो म्हणालो.

ती पाच कुठली? एक तर तो ढोलवाला. नेहमी सगळ्यांच्या मागे बसला, फोटोत कधी नीट आला नाही, शेवटी एका कानाने बहिरा झाला, म्हणून त्याने सगळं खरं लिहिलं. दुसरं एका ट्रक चालवणाऱ्याचं. वीस वर्षं एका बँडचं सामान वाहिलं आणि त्यांचं एकही गाणं पूर्ण ऐकलं नाही, कारण गाणं सुरू असताना तो झोपायचा. हे सगळ्यात चांगलं. तिसरं एका गायिकेचं. कंपनीने केलेल्या फसव्या करारावर ती अशी भांडते की मी दोन पानं उभं राहून वाचली. चौथं, सगळं नाव कमावून कोंबड्या पाळायला गेलेल्या एका गिटारवाल्याचं. गाण्यापेक्षा कोंबड्यांवर त्याने जास्त प्रामाणिक लिहिलं आहे. पाचवं रॉकचा साधा इतिहास, ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी.

पुस्तकं आली. पंधरा दिवसांनी मी संगीताच्या कपाटापाशी गेलो. हार्मोनियम शिकवणारी दोन पुस्तकं, एक तबल्याच्या बोलांचं, बाकी रिकामं. माझं एकही पुस्तक नाही. पाचही बाहेर! पुढच्या महिन्यात गेलो, तरी बाहेर. ग्रंथपालांना विचारायचं मनात आलं, पण आपलं दुकान चालतंय का हे शेजाऱ्याला विचारू नये. मी मान ताठ करून परत आलो.

ते वर्ष माझं फार सुखात गेलं. रस्त्यात कुणी बोटांनी ठेका धरलेला दिसला की वाटायचं, हा वाचतोय. दाताचे डॉक्टर एकदा ड्रिल हातात घेऊन गुणगुणत होते. मी आ वासलेला, तरी डोळ्यांनी त्यांना म्हणालो, कळलं हो, कळलं.

वर्ष संपलं. समितीने बोलावलं. गुरुजींनी छापील अहवाल पुढे केला आणि मी ते वाक्य वाचलं.

"शून्य?" माझा आवाज माइकशिवाय रस्त्यापर्यंत गेला असावा. "वर्षभर पाचही बाहेर होती!"

"बाहेर? मेल्या, कपाटातून हललीसुद्धा नाहीत."

"कुठल्या कपाटातून?"

गुरुजींनी बोट दाखवलं. तिसऱ्या कपाटाच्या वरच्या पट्टीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'भूगर्भशास्त्र, खाणी व विहिरी'. खाली विहीर खोदावी कशी, शेजारी जांभ्या दगडाचे उपयोग, आणि त्यांना टेकून माझा ढोलवाला. इंग्रजी पुस्तकांची मराठी यादीही गुरुजींनीच केली होती. तीत माझ्या इतिहासाचं नाव 'खडकाचा इतिहास' होतं. ट्रकवाला 'खडकाची वाहतूक' झाला होता. आणि गिटारवाला, देवा, 'कठीण खडकावरील कुक्कुटपालन'.

मी काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो की त्यात कातळ हा शब्द बऱ्याच वेळा आला, आणि कुणाच्या डोक्यात तो आहे याचा खुलासाही.

गुरुजी लाल झाले. "कव्हरवर दगड लिहिलेलं असताना मी काय समजायचं? आणि कुठेही असेनात, कुणी नेली नाहीत ना?"

"हो का?" मी ढोलवाला ओढून मागचं पान उघडलं. तारखांच्या चिठ्ठीवर तीन शिक्के. ट्रकवाल्यावर दोन.

"ते धरलेले नाहीत," गुरुजी म्हणाले. "एकाच माणसाने नेली आणि तीही चुकून. त्याची चिरेखाण आहे. दगडाचं पुस्तक समजून नेलं. चुकीचं वाचन हिशेबात येत नाही."

योगायोग म्हणा, तो चिरेखाणवाला त्याच वेळी खाणीवरचं एक पुस्तक परत करायला आला होता. संगमेश्वराकडच्या गावातला माणूस, कपड्यांवर लाल धूळ. आमचा आवाज ऐकून दाराशीच थांबला होता. गुरुजींनी त्यालाच साक्षीला घेतलं. "या, या. सांगा याला, तुम्ही हे चुकून नेलंत की नाही?"

"पैल्यांदा चुकून न्हेलं," तो म्हणाला. "मंग माझ्या पोरीनं वाचून मराटीत सांगितलं. पन, गुरुजी, दुसऱ्यांदा आनि तिसऱ्यांदा कोन चुकून न्हेतं?"

मी गप्प राहिलो. माल आपणहून विकला जात असताना बोलू नये.

तो पुढे म्हणाला, "त्या ट्रकवाल्याचं सगळं खरं हाय. माल उतरंपर्यंत मानूस ट्रकातच झोपतो, तेच कुनी लिवत न्हाई." आणि त्याने कोंबड्यावाला उचलला.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. हरलेला माणूस आधी चष्मा पुसतो, हे मी अनेक सौद्यांत पाहिलं आहे. "ठीक आहे," ते म्हणाले, "रद्दीत जाणार नाहीत. वहीत तू लिहू शकतोस. चूक माझी. उद्याच ती संगीताच्या कपाटात हलवतो."

आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संगीताच्या कपाटाशी वर्षभरात कोण आलं होतं? फक्त मी. पण दगडांच्या कपाटाशी विहीर खणणारा येतो, घर बांधणारा येतो, खाणवाला येतो. अर्धी रत्नागिरी जांभा दगड लावून घर बांधते आहे. मोक्याच्या नाक्यावरचं दुकान कोण सोडतो?

"अजिबात हलवायची नाहीत," मी म्हणालो.

"अरे, आत्ता तर त्याच्यासाठी घसा फोडत होतास!"

"तिथेच राहू द्या. यादीतली नावंही तीच राहू द्या."

"चुकीची आहेत ती!"

"चांगली आहेत. कठीण खडकावर कोंबड्या कशा पाळतात हे बघायला माणूस उचलणारच."

गुरुजींनी खूप नको म्हटलं. शास्त्र, शिस्त, वर्गीकरण, सगळं काढलं. मी अडून बसलो. शेवटी असं ठरलं की पुस्तकं दगडांत राहतील आणि पुढच्या अहवालात त्या 'शून्य'चं शुद्धिपत्र येईल. मी उठलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "त्यातलं एक मला दे रे. पातळसं बघून."

मी त्यांना इतिहास दिला. सगळ्यात जाड तोच होता. माहीत काहीच नसणाऱ्यासाठी आहे, हे मी तोंडावर म्हटलं नाही. दोन महिन्यांनी त्यांनी परत केला आणि म्हणाले, "यात खडक कुठेच नाही."

"चाळीस पानांनंतर वाट बघणं सोडायचं असतं, गुरुजी," मी म्हणालो. मला हे कसं माहीत, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढचा अहवाल आला, त्यानंतरचेही आले. शुद्धिपत्र आलं नाही. जागा नव्हती म्हणे, देणगीदारांची यादी लांबली. म्हणून मीच लिहितो: शून्य नव्हतं. रॉकवरची चांगली पुस्तकं हवी असतील तर आमच्या वाचनालयात संगीताकडे वळू नका. तिसरं कपाट, खाणी व विहिरी. ट्रकवाला आधी न्या. तो जागेवर नसेल तर कुणीतरी नेला आहे. तरी एकदा ग्रंथपालांना विचारून खात्री करा. मी केली नव्हती.