एका डब्यातले दोन बोल्ट

टेलमार्क गावात कुणाला नवी रायफल करून घ्यायची झाली की तो अर्विड स्टेन्सरुडच्या गॅरेजात जायचा, आणि गेला की आधी मुकाट्यानं त्याची कॉफी प्यायचा. कपाचा तळ दिसावा इतकी पातळ कॉफी. ती न पिता कामाचं बोलणाऱ्याकडे अर्विड लक्षच द्यायचा नाही. तीस वर्षं त्यानं सोसायटीत गव्हाची कापणीयंत्रं दुरुस्त केली, आणि रिटायर झाल्यावर आधी जो नुसता नाद होता तोच धंदा करून बसला. अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या सपाट मुलखात वारा माणसाला उभा राहू देत नाही, पण अर्विडच्या गॅरेजात लेथ लागलं की वारासुद्धा दबकून बाहेर थांबतो, असं त्याची बायको बोर्गहिल्ड म्हणायची. कौतुकानं म्हणायची असं नाही.

त्याचा नेम एकच होता. नळी, बोल्ट आणि डाय ही तिघं एका घरची पाहिजेत. नुसती नळी मागणाऱ्याला तो दार दाखवायचा. काडतूस बसतं तो नळीचा कोठा ज्या मापानं कोरायचा, त्याच मापाची डाय, म्हणजे पुंगळी दाबायचा साचा, करायची. म्हणजे बार उडाल्यावर फुगलेली पितळी पुंगळी त्या डायमधून काढली की पुन्हा त्याच कोठ्यात नीट बसते. आणि मागून दार लावणारा बोल्ट त्या कोठ्यालाच बेतलेला हवा. चौकट एका सुताराची आणि दार दुसऱ्याचं, असला कारभार त्याला खपत नसे. एखादा भटजी पत्रिका जुळवणार नाही इतक्या निगुतीनं तो ही तिघं जुळवायचा.

मंगळवारी सकाळी शाळेत स्वयंपाक करणारी नेटी कोल्स्टाड रायफल घेऊन आली. कॉफी तिनं एका घोटात संपवली. "अर्विड, तुझी बंदूक तोंड मिटत न्हाई."

"माझी? वीस वर्षं झाली, तुमच्याच घरात हाय की ती."

"चांगली चालली की तुझी, आन् अडली की आमची व्हय?"

ती हसली, पण तिच्या जिवाला घोर होता. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीनं मिळतो. तेहतीस वर्षं ती सोडतीत नाव घालत होती. सबंध गावात आजवर दोघांनाच तो लागला होता, आणि त्यातला एक तर टपाल पोचायच्या आधीच वारला. यंदा नेटीचं नाव निघालं. ह्या जन्मी दुसऱ्यांदा निघायचं नाही. हंगाम रविवारी उघडत होता, आणि डोंगरात ती जाणार होती ती नवऱ्याचीच रायफल घेऊन. गॉर्डी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्याच डाय वापरून तिनं काडतुसं भरली, तर बोल्टाची मूठ अर्ध्यात अडून बसली.

अर्विडनं काडतुसं मापून पाहिली. बरोब्बर. कोठ्यात दिवा घालून पाहिला, कचरा नाही. डायच्या पेटीवर सात आकडा, नळीवर सात आकडा. मग त्यानं कपाटातून त्या रायफलीसाठीच केलेलं मापाचं लोखंड काढलं आणि कोठ्यात घातलं. मूठ त्याच्यावरही बसेना.

"लोखंड काय पावसात आटतंय व्हय?" तो पुटपुटला. मग बोल्ट हातात घेऊन त्यानं उजेडाकडे धरला. "नेटी, ह्यो बोल्ट ह्या नळीचा न्हाई."

"मंग कुणाचा?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. गॉर्डीनं आणि त्याच्या भावानं, वेंडेलनं, एकाच दिवशी दोन जुळ्या रायफली करून घेतल्या होत्या. सात आणि आठ. आणि कोल्स्टाडांच्या शिकारीच्या तंबूत जुनी रीत होती: पहिल्या संध्याकाळी बाटली उघडायच्या आधी सगळ्यांनी आपापला बोल्ट काढून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. पिऊन कुणी वेडेपणा करू नये म्हणून. पहाटे ज्याचा त्यानं चाचपून घ्यायचा.

"गॉर्डीच्या शेवटच्या साली," नेटी म्हणाली, "बार उडवायची पाळीच आली न्हाई. बर्फ लागला, तसेच माघारी आले." मग तिनं विचारलं, "अर्विड, नळीवर आकडा हाय, डायवर हाय. बोल्टावर का न्हाई?"

अर्विडनं कॉफीचा कप उचलला. त्यात कॉफी नव्हती.

कारण साधंच होतं. ते दोन बोल्ट त्यानं चार चार दिवस घासून आरशासारखे केले होते. त्यांच्या अंगावर छिन्नीनं आकडा ठोकायला त्याचा जीव धजला नव्हता.

"ठिऊन जा हितंच," तो म्हणाला. "संध्याकाळी न्या."

नेटी गेली. बोल्टाची कड अर्धा तास घासली की मूठ बसणार होती. नेटी डोंगरात गेली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. अर्विडनं बोल्ट शिकंज्यात आवळला, घासायच्या यंत्राचा दगड फिरवला, आणि तसाच फिरता ठेवून उभा राहिला. हा बोल्ट घासला की आठ नंबरचा जोडीदार जन्माचा गेला. आणि वेंडेल त्या आठ नंबरात गॉर्डीचा सैल बोल्ट घालून सहा वर्षं बार काढत होता! म्हणून तर त्याच्या पुंगळ्या बुडाशी चिरत होत्या. म्हणून तर तो कॅफेत बसून गावभर सांगत होता, की अर्विडच्या डाय बिस्किटाच्या पत्र्यातून कापल्यात. त्या बोलण्यापायी अर्विडनं सहा वर्षं कॅफेची पायरी चढली नव्हती. एखाद्या दिवशी पुंगळी पुरती फाटली, की धूर आणि पितळ वेंडेलच्या डोळ्यात.

"दगड नुसताच का फिरतोय?" बोर्गहिल्ड दारात आली.

त्यानं सगळं सांगितलं. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. सूर चुकला की तिथल्या तिथं थांबायची तिला सवय होती.

"म्हंजे वेंडेल खोटं बोलत न्हवता."

"माझ्या डाय चांगल्या हायेत!"

"डाय चांगल्या. करणारा आखडू." तिनंच बटण दाबून दगड बंद केला. "जा आता. जेवायला भट्टीत भाजलेली बटाट्याची हाटडिश हाय, निवायच्या आत ये."

वेंडेल कुंपणाची तार ओढत होता. अर्विडची गाडी बघून त्यानं तार सोडली नाही.

"वाट चुकलास?"

"तुझा बोल्ट घिऊन आलोय. आन् गॉर्डीचा न्यायला."

रायफली घराच्या ओट्यावर आणून बोल्ट बदलले. अर्विडनं मापाचं लोखंड घातलं. मूठ अशी अलगद खाली गेली, की वेंडेलनं दोनदा वर करून पुन्हा दाबून पाहिली.

"डब्यात मीच आधी हात घातला असंल," तो हळूच म्हणाला. "पहाटे अंधार व्हता."

"आकडा असता तर बोटाला लागला असता. तो मी ठोकला न्हाई. चूक माझी."

वेंडेलनं टोपी काढून डोकं खाजवलं. "सहा वर्षं शिव्या घातल्या मी तुला."

"पोचल्या. एक सुदीक वाटंत हरवली न्हाई."

"आता पन्नास माणसांना गाठून कसं सांगू, की मी चुकलो?"

"कॅफेत एकदा सांग, मोठ्यानं."

"मंग तू बी ये तिथं. नायतर लोक म्हणतील, म्हातारा मेला वाटतं, म्हणून वेंडेल गोड बोलतोय."

मग दोघं वेंडेलच्या ऐरणीपाशी गेले. वेंडेलनं बोल्ट धरला, अर्विडनं हातोडी. पहिला घाव घालताना त्यानं डोळे मिटले. आठ जरा कलता उमटला. सात सरळ आला, पण हवा त्याहून खोल.

संध्याकाळी नेटी आपल्या ओसरीवर झोपायची पिशवी आणि सुकवलेलं मांस बांधत होती. अर्विडनं रायफल तिच्या हातात दिली आणि बाजूला उभा राहिला. तिनं घराकडे पाठ केली, नळी माळाकडे वळवली, आणि आपण भरलेलं काडतूस आत सारलं. मूठ बसली. ते काढलं, दुसरं घातलं. साहीच्या साही काडतुसं बसली.

मग तिनं बोल्ट काढून आकड्यावरून अंगठा फिरवला. "केवढा मोठा ठोकलास रे! सोन्यासारख्या बोल्टाचं वाटोळं केलंस."

"व्हय," अर्विड म्हणाला. "अंधारात हाताला लागंल."