तव्यावर भाकरी टाकून

सुभद्राबाई अंतर भाकरीवर मोजायच्या. सलाबतपुऱ्यातल्या त्यांच्या खोलीत तव्यावर भाकरी टाकायची, स्टोव्ह बारीक करायचा, जिना उतरून ठाकोरभाईंकडून वाटीत दही आणायचं आणि वर येऊन भाकरी उलटायची. त्यांना येताना पाहिलं की ठाकोरभाई डाव हातात घेऊनच उभे राहत. "जाओ मासी, रोटलो बळी जशे," म्हणत. भाकरी कधी जळली नाही.

त्यांचं सगळंच असं हाकेवर होतं. नवरा उखा मागावरून दुपारी चालत घरी यायचा, गरम जेवून परत जायचा. कारखान्यात कापडाच्या कडेच्या पट्ट्या निघत, त्यांच्या पिशव्या सुभद्राबाई शिवत आणि त्या फाटेपर्यंत बाजाराला नेत. कोपऱ्यावरचा हिलाल त्यांचा स्टोव्ह दुरुस्त करून कंटाळला होता.

"मावशी, हा स्टोव्ह तुमच्या धर्मेंद्रपेक्षा मोठा. आता तरी नोकरीतून सोडा त्याला."

"तुना बाप बी म्हातारा व्हयना. सोडी देस का?"

मुलानं, धर्मेंद्रनं, शहराच्या कडेला गोडादऱ्यात घर घेतलं. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत जाणारी त्याच्या कंपनीची बस तिथून सोयीची होती. "सगळे तिकडेच राहू, ही खोली सोडून देऊ," तो म्हणाला. मागांच्या आवाजात उखाची बोलायची सवयच गेली होती. सुभद्राबाईंजवळ नको म्हणायला कारण नव्हतं. नवीन घरात नळ होता, गॅस होता, सून सोनालीला हवा तसा ओटा होता.

राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी तिथं कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी तव्यावर टाकली. दही नव्हतं. सोनाली गच्चीवर कपडे वाळत घालत होती. त्या वाटी घेऊन खाली उतरल्या. खाली दुकान नव्हतं. पुढं अर्धवट बांधलेल्या इमारती होत्या. एका टपरीवर नुसते वेफर्स होते. दही कुठं मिळेल म्हणून विचारलं, तर रखवालदारानं मोठ्या रस्त्याकडे बोट केलं. रस्त्याला लागल्यावर त्यांना भाकरी आठवली.

परत आल्या तेव्हा सोनाली दारात सुपानं धूर हाकत होती. तव्यावर कोळसा होता.

"माय, कुठं गेली होतीस?" धर्मेंद्रनं विचारलं.

"दही लेवाले."

"गॅस चालू ठेवून?"

"आत्या, इथं दही आदल्या दिवशीच आणून ठेवायचं असतं," सोनाली म्हणाली.

सुभद्राबाई बराच वेळ तवा खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "धर्मा, खोली सोडू नको. तुना बाप अन् मी तठेच राहसूत."

"लोक म्हणतील, पोरानं आईबापाला काढलं."

"सांग त्यासले, माय भाकर जाळस."

सोनालीनं तोंड फिरवून हसू लपवलं. कुणाचा विचार बदलायच्या आत तिनं तवा पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला. "न्या, आत्या. मी पोळ्या करते, त्याला दुसरा तवा आहे."

"बरं व्हयनं," उखा म्हणाला. दिवसभरात तो तेवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई सलाबतपुऱ्यातल्या खोलीतून वाटी घेऊन खाली उतरल्या.

"केम मासी, गोडादरा नी गम्यू?" ठाकोरभाईंनी डाव हातात घेत विचारलं.

"दही दे भाऊ. भाकर तवावर शे."

वर येऊन त्यांनी भाकरी उलटली. उखाला आवडायचे तेवढेच डाग तिच्यावर पडले होते.