कौटुंबिक वातावरण

आमच्या कॉलेजातली कार्यसंस्कृती कशी आहे ते समजून घ्यायला पुण्याहून तिघांची समिती आली. त्यांनी स्टाफरूमचं दार लावून घेतलं, प्राचार्यांना बाहेर बसवलं आणि त्यांच्यातल्या बाई गोड हसून म्हणाल्या, "इथं काम करताना कसं वाटतं? अगदी मोकळेपणानं सांगा."

मोकळेपणानं! आम्ही सगळे पंख्याकडं बघत बसलो. मला त्या बाईंचा रागच आला. त्या संध्याकाळी गाडीत बसून निघून जाणार होत्या. मस्टरवर सही करायला उद्या आम्हालाच यायचं होतं.

माझ्या शेजारी फिजिक्सचे सर होते. ते तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर मिळाली तर नोकरी, नाहीतर घर. वर्षानुवर्षं असेच लटकलेले. पोरांना त्यांच्याइतकं जीव तोडून कुणी शिकवत नव्हतं, पण कुठं काय बोलावं याचा पोच शून्य. ते उठायला लागले तशी मी त्यांच्या चपलेवर पाय दिला. तरी उठलेच.

"मॅडम, बाकी सगळं ठीक हाय. फक्त आण्णांच्या घरी लग्न निघालं की आमाला वाढायला जावं लागतं. मागं माझी लेक तापानं फणफणली व्हती, आन् मी पंगतीत व्हतो. तेवढं बंद झालं तर लई बरं व्हईल."

आण्णा म्हणजे आमचे संस्थाध्यक्ष. लग्न त्यांच्या पुतण्याचं असो की मेव्हण्याच्या पोरीचं, वाढपी आम्हीच. त्यातही रीत ठरलेली. पर्मनंट माणसानं पाण्याचा जग धरायचा, तासिकावाल्यानं वरणाची गरम बादली उचलायची.

बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे एकमेकांच्या घरच्या कार्यालाही तुम्ही सगळे असता!" अहवालात ते असं उतरलं: संस्थेत कौटुंबिक वातावरण आहे. प्राचार्यांनी ते वाचून दाखवल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या.

आमच्याकडं भिंतींना कान लागत नाहीत, माणसंच पुरतात. समितीची गाडी बीडच्या रस्त्याला लागायच्या आत सरांचं बोलणं आण्णांपर्यंत पोचलं होतं. कुणी ओरडलं नाही, कुणी जाब विचारला नाही. जूनमध्ये सरांची ऑर्डर निघाली नाही, एवढंच. त्यांच्या जागी आण्णांच्या साडूचा मुलगा आला. मी प्राचार्यांकडं विषय काढला, तर ते म्हणाले, "मॅडम, तुमी तुमचं बघा."

तुळशीचं लग्न झालं आणि आण्णांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. मी जग घेऊन मांडवात उभी होते, तर समोरून सर. इस्त्रीचा शर्ट, बाह्या वर सारलेल्या, हातात जिलेबीचं ताट.

"सर, तुमी कावून आलाव? तुमाला तर कुणी बोलवलं बी न्हाई."

"घरचंच कार्य हाय, मॅडम. बोलवायला कशाला पायजे?" मग आवाज उतरवून म्हणाले, "फुडच्या जूनचं बगावं लागंल ना."

हात धरून त्यांना मांडवाबाहेर काढावं असं वाटलं, पण बाहेर काढून पाठवायचं कुठं? ते थेट आण्णांच्या पंगतीत गेले, वाकून जिलेबी वाढली. आण्णांनी पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरला, वर बघितलं आणि मोठ्या आपुलकीनं विचारलं, "काय सर, आजकाल कुठं असता?"

"हितंच हाय की, आण्णा," सर म्हणाले आणि शेजारच्या पानाकडं सरकले.