वीस हिरवे दिवे

मेहरीन बुबेरे वळ गावातल्या औषधांच्या एका गोदामात केमिस्ट होती. आलेल्या मालातल्या वीस गोळ्या ती हातात मावणाऱ्या यंत्राला लावायची. यंत्र गोळीवर प्रकाश टाकून ती अस्सल नमुन्याशी ताडून बघायचं. दहा सेकंदांत हिरवा दिवा लागला तर माल ठीक, लाल लागला तर गोळीत औषध कमी. पूर्वी नमुने ठाण्याच्या प्रयोगशाळेत जायचे. उत्तर येईपर्यंत माल विकूनही झालेला असायचा. म्हणून तिला या कामाचं अप्रूप होतं.

मार्चमध्ये अंगदुखीच्या गोळ्यांचा लॉट आला. वीसपैकी चौदा लाल. तिने काच पुसली, अस्सल गोळी लावली, हिरवा. पुन्हा लॉटच्या गोळ्या लावल्या, लालच.

गोदामाचा मॅनेजर धनेश वडापाव खात होता. "चांगल्या मालातल्या वीस गोळ्या लाव, वीस हिरवे काढ आन् रिपोर्ट जोड. गेल्या महिन्यात तू सुट्टीवर होतीस तवा मीच काढले की."

"माझ्या नावानं?"

"मग? केमिस्ट तू हायस."

तिने त्या लॉटमधली एक पट्टी त्याच्यापुढे ठेवली. "तुमची कंबर धरलीय ना? यातल्या दोन घ्या."

तो हसला. "मी कशाला खाऊ? माझ्या घरी चांगल्या हायत." तेलकट बोटं त्याने गोळ्यांच्याच खोक्याला पुसली. मेहरीन उठून बाहेर गेली.

गेल्या महिन्यातला त्याच गोळ्यांचा माल कशेळीच्या एका प्रसूतिगृहात गेला होता. तिने तिथे फोन लावला. नर्स म्हणाली, "त्या गोळ्या? कधीच संपल्या. सिझरच्या बायका टाके दुखतात म्हणून नुसत्या रडायच्या. आम्हीच ओरडायचो त्यांना, गोळी दिलीय ना, आता कसली नाटकं?"

मेहरीनने फोन ठेवला. त्या रिपोर्टखाली तिचं नाव होतं. आपलंच नाव तिला घाण वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती पट्ट्या आणि जुने रिपोर्ट घेऊन औषध निरीक्षकाकडे गेली. लॉट सील झाला. रिपोर्टवर सही तिच्या नावाची, म्हणून जबाब द्यायला तिलाच चारदा जावं लागलं. मालकाने तिला कामावरून काढलं आणि धनेशला राहनाळच्या दुसऱ्या गोदामात बसवलं.

आता ती दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. मेडिकलमध्ये गेली की गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून बघते. नुसतं बघून काही कळत नाही, हे तिच्याइतकं दुकानात कुणालाच ठाऊक नसतं.